बहुमत कुठवर? सोसायटीची कमिटी, कोर्ट आणि शंभर वर्षांचा एक वाद



आजचा भाग जरा घरातला आहे. दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. झालो म्हणजे काय, वार्षिक सभेत चेअरमननी विचारलं, "सेक्रेटरीसाठी कोण?" सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं, आणि मी वर बघायला उशीर केला. बिनविरोध निवड.

दुसऱ्या दिवशी आधीच्या सेक्रेटरींनी लोखंडी कपाटाची किल्ली, रबरी शिक्का आणि जुन्या इतिवृत्तांची वह्या असलेली पिशवी आणून दिली. त्या वह्या चाळताना २००० सालच्या एका सभेत माझ्या वडिलांचं अक्षर सापडलं. बाबा तेव्हा कमिटीत होते. ठराव होता की ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत त्यांच्याकडून मेंटेनन्सच्या दुप्पट जादा रक्कम घ्यायची. ठराव मंजूर. आणि त्याखाली बाबांनी लिहिलेलं: "मला हा ठराव मान्य नाही. माझा विरोध नोंदवावा." खाली सही. गंमत म्हणजे आमचा फ्लॅट भाड्याने दिलेला नव्हता. म्हणजे त्या ठरावाने बाबांचा एक रुपयाही जाणार नव्हता.

सध्या आमच्याकडे रिडेव्हलपमेंटचा विषय चालू आहे. चोवीस फ्लॅट. एकवीस जण तयार, तीन जण नाहीत. त्या तिघांत तळमजल्यावरच्या काकू आहेत. कमिटीतले एक जण मला म्हणाले, "अरे, कायद्याने बहुमत आहे ना आपल्याकडे? मग झालं तर!"

मग खरंच झालं का? सोसायटीच्या बहुमताला नेमकं काय काय करता येतं? याचं उत्तर शोधायला मी बसलो आणि १९१५ सालापर्यंत मागे गेलो. तोच प्रवास आज सांगतो.

गावदेवीपासून सुरुवात

हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा आला १९०४ साली. तो फक्त पतसंस्थांसाठी होता. शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवायचं, एवढाच त्याचा हेतू. घरांचा त्यात विचारच नव्हता. १९१२ साली नवा कायदा आला आणि पतपुरवठ्याशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलेलं. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झालेला, तो दाट वस्त्या पाडून रस्ते काढतोय, नवे भूखंड पाडतोय. गावदेवी हा त्यातलाच भाग. नोकरीसाठी शहरात आलेल्या मध्यमवर्गीय माणसाला राहायचं कुठे, हा रोजचा प्रश्न. याच गावदेवीत १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. यामागे होते राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांनी आधी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल पतसंस्था काढलेली होती. ताडदेवची तालमकीवाडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे नाव नवीन नाही.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे खटले इथून निघतात. त्या काळी इंग्लंडमध्ये भाडेकरूंच्या सहभागीदारीची चळवळ चालू होती. लंडनजवळ ईलिंग इथे १९०१ साली अशी एक संस्था निघाली होती. कल्पना अशी की इमारत संस्थेची, सभासदाकडे संस्थेचे शेअर, आणि तो संस्थेलाच भाडं भरणार. म्हणजे तो स्वतःचाच भाडेकरू आणि स्वतःचाच घरमालक. आपल्याकडच्या पहिल्या संस्था याच धर्तीवर चालल्या. सभासद "माझा फ्लॅट" म्हणत नव्हता. घर सगळ्यांचं, राहण्याचा हक्क त्याचा.

या व्यवस्थेत कमिटी म्हणजे कोण? शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांमधून निवडलेले, फुकट काम करणारे काही लोक. एकमेकांना ओळखणारे, बहुतेक एकाच ज्ञातीचे. त्यांच्यात कोर्टकज्जे होतील असं कुणाच्या मनात नव्हतं. १९२५ साली मुंबई प्रांताने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. वाद झालाच तर तो लवादाने मिटवावा, हीच पद्धत राहिली.

भाड्याचं घर संपलं, मालकीचा फ्लॅट आला

मग चित्र बदललं कशामुळे? एका दुसऱ्याच कायद्यामुळे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. यात भाडी मोठ्या प्रमाणात सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंच होतं. पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला रस उरला नाही. पागडी फोफावली. त्यात फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची भर. घर हवं असणारे लाखो, आणि भाड्याने देणारं कुणी नाही.

यातून जन्मला "ओनरशिप फ्लॅट". बिल्डर बांधणार, लोक आगाऊ पैसे भरणार आणि फ्लॅट विकत घेणार. पैसे घेतले पण इमारत पूर्ण केली नाही, एकच फ्लॅट दोघांना विकला, जमिनीचे कागद दिलेच नाहीत, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने २० मे १९६० रोजी चौकशीसाठी समिती नेमली. जून १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा झाला, ज्याला सगळे "मोफा" म्हणतात. मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झालं होतं आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही आला होता.

मोफाने बिल्डरवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. एक, फ्लॅट घेणाऱ्यांची संस्था नोंदवून द्यायची. दोन, त्या संस्थेच्या नावे जमीन आणि इमारत करून द्यायची, म्हणजे कन्व्हेयन्स.

१९७० साली तिसरा कायदा आला, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट. काँडोमिनियमचा कायदा. यात सोसायटी नसते, शेअर सर्टिफिकेट नसतं. प्रत्येक जण आपल्या अपार्टमेंटचा थेट मालक, आणि जिना, गच्ची, जमीन यांत त्याचा टक्क्यांत ठरलेला अविभाज्य हिस्सा. पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत. राहणाऱ्याला फरक कळत नाही. दोन्हीकडे चेअरमन असतो, दोन्हीकडे पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही. पण कोर्टात गेल्यावर फरक कळतो. त्याच्याकडे येतोच.

घर कुणाचं?

तर सत्तरच्या दशकात स्थिती अशी होती. कागदावर १९१५ ची कल्पना: इमारत संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. आणि माणसाच्या डोक्यात १९६३ ची: मी पैसे मोजलेत, फ्लॅट माझा. या दोन कल्पनांच्या मधोमध कमिटी उभी.

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईतलं एक प्रकरण गेलं, रमेश हिंमतलाल शाह विरुद्ध हरसुख जाधवजी जोशी. एका माणसाचं कर्ज थकलेलं, आणि धनकोला त्याच्या सोसायटीतल्या फ्लॅटवर जप्ती आणायची होती. पण फ्लॅट जर संस्थेचा असेल तर जप्त काय करणार? कोर्टाने सांगितलं की फ्लॅटमध्ये राहण्याचा सभासदाचा हक्क हीसुद्धा एक मालमत्ताच आहे, ती जप्त होऊ शकते आणि विकलीही जाऊ शकते. म्हणजे शेअर सर्टिफिकेट हा नुसता सभासदत्वाचा कागद राहिला नाही, ती संपत्ती झाली.

मग सोसायटीचं काय उरलं? १९८२ साली त्याची दुसरी बाजू आली. ओ. एन. भटनागर खटल्यात मुंबईतल्या श्याम को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीला सभासदाने ठेवलेला लायसन्सी बाहेर काढायचा होता. प्रश्न होता, हा वाद सहकार कायद्याच्या ९१ व्या कलमात बसतो का? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बसतो. आपल्या इमारतीत कोण राहतंय हे बघणं हा गृहनिर्माण संस्थेच्या कामाचाच भाग आहे. तोवर महाराष्ट्रात १९७४ च्या दुरुस्तीने सहकार न्यायालयं आलेली होती. लवादाची घरगुती पद्धत मागे पडून तारीख, वकील, साक्षी-पुरावे सुरू झाले होते.

दोन्ही निकाल एकत्र ठेवून बघा. हक्क सभासदाचा, शिस्त संस्थेची. या दोन्हींतली रेषा कुठे, यावर पुढची चाळीस वर्षं भांडण झालं.

आत कुणाला घ्यायचं?

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अहमदाबादचं. झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९२६ साली नोंदली गेली, तीही आपल्याच १९२५ च्या मुंबई कायद्याखाली, कारण तेव्हा गुजरात मुंबई प्रांतातच होता. उपविधी असा की सभासद फक्त पारशीच होऊ शकेल. पुढे एका सभासदाला वारशाने मिळालेल्या जागेवर इमारत बांधून फ्लॅट विकायचे होते, आणि पारशांपुरती अट त्याला अडचणीची झाली.

गुजरात उच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू टिकली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात कुणाबरोबर करायची हे ठरवणंही येतं, उपविधी हा सभासदांमधला करार आहे, आणि ज्याने तो मान्य करून प्रवेश घेतला त्याला किंवा त्याच्या वारसाला तो नंतर अडचणीचा वाटतो म्हणून मोडता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं.

मला हा निकाल वाचून बरं वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. घर शोधताना "तुम्ही कोण?" हा प्रश्न ज्याने ऐकलाय त्याला कळेल. पण इतिहास म्हणून बघितलं तर निकाल १९१५ च्या तर्काला धरून आहे. तेव्हा सहकार म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकत्र येणं. ती ओळख ज्ञातीची होती. सहकाराचं बळ तिथून आलं आणि त्याची भिंतही तिथेच उभी राहिली.

पैसे कुणाकडून किती?

आता बाबांच्या ठरावाकडे येऊ. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर घेतात त्या रकमेला बिनभोगवटा शुल्क म्हणतात, बोलताना आपण "नॉन-ऑक्युपन्सी" म्हणतो. नव्वदच्या दशकात मुंबईत भाडी चढली आणि सोसायट्यांना वाटलं, याला एवढं भाडं मिळतंय तर आपल्यालाही हिस्सा हवा. ठराव होऊ लागले. मतदान कोण करणार? त्या इमारतीत स्वतः राहणारे. ते जास्त. ज्याने फ्लॅट भाड्याने दिलाय तो दुबईत किंवा नागपुरात. सभेत त्याचा हात वर होतच नाही.

१ ऑगस्ट २००१ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढलं: हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्याच महिन्यात फ्लॅट हस्तांतराच्या प्रीमियमवरही मर्यादा आली, महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. दक्षिण मुंबईतल्या माँट ब्लाँक सोसायटीने शुल्काच्या मर्यादेला आव्हान दिलं. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचं परिपत्रक योग्य ठरवलं. सर्वसाधारण सभेने ठराव केला हे खरं, पण सोसायटी काही सभासदांकडून नफा कमावण्यासाठी नाही.

आमच्या सोसायटीलाही २००१ नंतर आकारणी खाली आणावी लागली. काही जणांचे आधीचे पैसे पुढच्या बिलांत वळते करावे लागले. वहीत त्याचीही नोंद आहे. बाबांच्या शेऱ्याचा उल्लेख मात्र तिथे कुणी केलेला नाही.

अशीच दुसरी गोष्ट मेंटेनन्सची. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी जास्त भरावं का? वरळीच्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने सांगितलं की वॉचमन, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च या सेवा सगळ्यांना सारख्याच मिळतात, त्यामुळे त्या क्षेत्रफळावर वाटणं बरोबर नाही, समान आकारा. मोठा फ्लॅट आहे म्हणून वॉचमन त्याच्यासाठी जास्त वेळा गेट उघडत नाही! पाणी मात्र नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर, असं उपविधींत वेगवेगळं गणित आहेच.

आणि इथे मघाशी म्हटलेला फरक कळतो. काँडोमिनियममध्ये उलट आहे. १९७० च्या कायद्यात खर्चाची वाटणी अविभाज्य हिश्श्याच्या टक्क्यानुसार करायची असं लिहिलंय. २०२५ साली पुण्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं: मोठं अपार्टमेंट, मोठा हिस्सा, जास्त मेंटेनन्स. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, समोरासमोरच्या दोन इमारतींत बरोबर उलटी पद्धत, आणि दोन्ही कायदेशीर. म्हणून सेक्रेटरी झाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: आपण नेमक्या कोणत्या कायद्याखाली आहोत? मला सांगताना लाज वाटते, पण आमच्या कमिटीतल्या दोघांना हा फरक माहीत नव्हता. सेक्रेटरी होईपर्यंत मलाही नव्हता.

बिल्डर गेला, कागद राहिले

कमिटीचं सगळंच भांडण सभासदांशी असतं असं नाही. दहिसरची पांचाली सोसायटी बघा. छप्पन्न फ्लॅटची सात मजली इमारत. खाली स्टिल्टमध्ये पंचवीस पार्किंगच्या जागा. बिल्डर म्हणाला, या जागा माझ्या, मी त्या वेगळ्या विकणार. आणि सोसायटीने त्यात अतिक्रमण केलंय म्हणून तोच कोर्टात गेला. २००७ साली दिवाणी न्यायालयात हरला, २००८ साली उच्च न्यायालयात हरला, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही. मोफाखाली स्टिल्टमधली किंवा मोकळी पार्किंगची जागा म्हणजे फ्लॅट नव्हे, ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही.

या निकालाने किती कमिट्यांना बळ आलं असेल! पण त्याबरोबर नवं कामही आलं. पार्किंग सोसायटीचं म्हटल्यावर वाटप कमिटीने करायचं, आणि ज्याने बिल्डरला पार्किंगचे पैसे मोजलेत तो पावती घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभा.

जमिनीचंही तसंच. १९६३ पासून कायदा सांगतोय की कन्व्हेयन्स करून द्या, आणि अनेक बिल्डरांनी दिलं नाही. कारण साधं आहे. पुढे वाढीव बांधकामाचा हक्क मिळाला तर जमीन ज्याच्या नावे त्याला फायदा. पंचेचाळीस वर्षं वाट बघून २००८ साली मोफात दुरुस्ती झाली आणि डीम्ड कन्व्हेयन्स आलं. बिल्डर येत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्थेला एकतर्फी हस्तांतर मिळवता येतं.

पण एक मर्यादा सोसायटीला कधीच ओलांडता येत नाही. वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवतंय ना? ऐंशीच्या दशकात परवानगीपेक्षा कितीतरी मजले जास्त चढवलेले. तिथल्या सोसायट्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये हरल्या. राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, वर्षानुवर्षं तिथे संसार केला होता. पण जो हक्क बिल्डरकडेच नव्हता तो त्याच्याकडून सोसायटीकडे कसा येणार?

पंजाबातून आलेलं एक तत्त्व

आता मूळ प्रश्न. एकवीस विरुद्ध तीन.

याचं उत्तर ज्या तत्त्वावर उभं आहे ते मुंबईचं नाही, आणि घरांबद्दलही नाही. १९८५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य. तिथे सहकारी संस्थांचं सक्तीने विलीनीकरण करण्याला आव्हान दिलेलं होतं. सभासद म्हणत होते, आम्हाला वैयक्तिक नोटीस द्यायला हवी होती. कोर्टाने मांडलेला सारांश असा: माणूस सहकारी संस्थेचा सभासद झाला की संस्थेच्या बाबतीत त्याचं वेगळं अस्तित्व राहत नाही. कायदा आणि उपविधी देतील तेवढेच त्याचे हक्क. त्याच्या वतीने बोलते ती संस्था.

हे तत्त्व पुढे मुंबईत आलं. २००९ साली गिरीश मुलचंद मेहता प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते रिडेव्हलपमेंटला लावलं. सर्वसाधारण सभेने रीतसर, बहुमताने निर्णय घेतला असेल, तर विरोधात असलेला थोडा गट इमारत रिकामी करायला नकार देऊन सगळ्यांना अडवू शकत नाही. तेव्हापासून असे कितीतरी आदेश झाले.

म्हणजे बघा, पंजाबातल्या विलीनीकरणासाठी मांडलेली गोष्ट आज बोरिवलीतल्या एखाद्या आजींना घर रिकामं करायला लावते. मी याला अन्याय म्हणत नाही. इमारतीचं स्लॅब पडायला आलंय आणि एक माणूस अडून बसलाय, हेही मी पाहिलंय. एकवीस कुटुंबांचा जीव तीन सह्यांवर टांगून ठेवणं हासुद्धा अन्यायच.

सरकारने बहुमताचा उंबरठाही बदलला. कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांत तीन-चतुर्थांशाचा हिशेब होता. ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत तो एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आला. पण त्याच निर्देशांत बाकीचंही लिहिलंय: निविदा मागवा, सभेचं चित्रीकरण करा, विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्या. यातली प्रत्येक ओळ सक्तीची नाही असं उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत म्हटलंय. पण बहुमत खरं होतं की कागदावरचं, हे बघायची वेळ आली की याच गोष्टी बघितल्या जातात.

मग बहुमत कुठवर?

हे सगळे निकाल एका ओळीत मांडले तेव्हा मला त्यांत एक रेषा दिसली. ही माझी वाचनातली समजूत आहे, वकिली सल्ला नाही.

जी गोष्ट सगळ्यांची मिळून आहे, म्हणजे इमारत, जमीन, पार्किंग, कोण राहतंय, पाडायचं की दुरुस्त करायचं, तिथे कोर्टाने बहुतेकदा संस्थेच्या बाजूने कौल दिला, अगदी एकट्या सभासदाला कडू वाटलं तरी. पण बहुमताने जेव्हा काही सभासदांवर इतरांपेक्षा जास्त ओझं टाकलं, त्यांच्याकडून कमाई करायला सुरुवात केली, तिथे बहुमत टिकलं नाही. व्हीनसमध्ये नाही, माँट ब्लाँकमध्ये नाही. एकत्र मिळून एकच निर्णय घेणं हा बहुमताचा अधिकार आहे. शेजाऱ्याचा घरमालक होणं हा नाही.

आणि कमिटीने आणखी एक लक्षात ठेवायचं. सहकार कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार कमिटीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. एके काळी यासाठी "एम-२०" नावाचा बाँड लिहून द्यावा लागे. तो वेळेत दिला नाही म्हणून पदं गेलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. ज्या सदस्याला निर्णय मान्य नाही त्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, मग त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. बाबांना हे कलम माहीत होतं असं मला वाटत नाही. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांना हिशेब चुकीचा वाटला, एवढंच असेल.

मागच्या रविवारी मी काकूंकडे गेलो होतो. मला वाटलं होतं, त्या "हे घर यांनी घेतलं होतं" वगैरे म्हणतील. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, मला पाडू नका असं म्हणायचंच नाहीये. बिल्डर मधेच पळाला तर माझं भाडं कोण भरणार, ते मला लिहून द्या. तीन सभांत विचारलं. प्रत्येक वेळी तुम्ही लोक म्हणता, 'काकू, बहुमत झालंय.'"

घरी येऊन तिन्ही सभांची इतिवृत्तं काढली. काकूंचा प्रश्न एकाही पानावर नाही. तिथे एकच वाक्य आहे: "तीन सभासदांनी विरोध केला." का केला, कशाला केला, काही नाही. आणि बँक गॅरंटीचा मुद्दा आमच्या निविदेत शोधला, तर तोही मोघम आहे. म्हणजे काकू ज्यावर अडून बसल्यात तेच मागायचं असं २०१९ च्या निर्देशांत लिहून ठेवलंय, आणि आम्ही एकवीस जण ते विसरलोय.

पुढची सभा या महिनाअखेरीला आहे. काकूंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत विषयपत्रिकेवर घेतलाय, क्रमांक दोनवर. चेअरमन जरा नाराज आहेत. म्हणाले, "यामुळे आणखी तीन महिने जातील." जातील. इतिवृत्त मी लिहिणार आहे, आणि या वेळी कोण काय म्हणालं ते पूर्ण लिहिणार आहे.

तुमच्या सोसायटीची जुनी वही कधी उघडली नसेल तर एकदा मागून बघा. कलम ३२ प्रमाणे ठरावीक कागदपत्रं बघण्याचा सभासदाला हक्क आहे. आणि कुणाच्या तरी हातचा असा एखादा शेरा सापडला तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.